एक जूनची पोर

नगरच्या एमआयडीसीत, नागापूरला, पत्र्याचे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या फाटकावर गहिनीनाथ गर्जे गेली पंधरा वर्षं वॉचमन आहे. आलेल्या गाडीचा नंबर घ्यायचा, तारीख आणि वेळ वहीत लिहायची आणि दांडा वर करायचा, एवढंच काम. पण त्या कामात माणूस भलता काटेकोर. एखादा ड्रायव्हर लाडात येऊन म्हणाला, "मामा, पंधरा मिनिटं अलीकडची टाका की," तर गहिनीनाथ त्याच्याकडं असा बघतो की पोरगं मुकाट्यानं स्टेअरिंगवर जाऊन बसतं. "तारखंशी आन् येळंशी खेळू न्हाई," एवढंच तो बोलतो. हे शहाणपण त्याला उशिरा सुचलं. वेळेवर सुचलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं.

गहिनीनाथ मूळचा पाथर्डी तालुक्यातला, डोंगराच्या कडेला असलेल्या वस्तीवरचा. दसरा-दिवाळी झाली की निम्मी वस्ती ट्रकात बसून ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. त्याच्या लहानपणी त्याला मागं सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून थोरल्या भावाबरोबर त्यालाही शाळेत अडकवला. पोरगं पाचाचं, शाळेला लागत सहाचं. मास्तरांनी फार विचार केला नाही. एक जून तारीख टाकली, साल एकानं मागं घेतलं, आणि गहिनीनाथ एका क्षणात वर्षानं मोठा झाला. त्या वेळी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. अर्ध्या वर्गाचा जन्म एक जूनचाच होता.

त्याची किंमत त्यानं भिंगारला मोजली. लष्कराची भरती होती. उंची बसली, छाती बसली, पळण्यात तो अकरावा आला. मग टेबलामागच्या माणसानं दाखला बघितला आणि म्हणाला, "एकवीस वर्षं तीन महिने. वय गेलं तुझं. पुढचा कोण?"

"सायेब, खरं वय ईसच हाय माझं. शाळंत चुकून..."

"खरं वय घरी ठेव. इथं दाखला चालतो."

भिंगारच्या बाजारपेठेतून तो चालत स्टँडवर आला. वाटेत टपरीवर चहा घेताना त्यानं मनाशी ठरवलं, आपल्या पोटच्या पोराला असं तीन महिन्यांसाठी मागं फिरू द्यायचं नाही. दुखावलेला माणूस अशा शपथा घेतो आणि चार दिवसांत विसरतो. हा विसरला नाही, हेच वाईट झालं.

मग लग्न, मग लंकाबाईबरोबर ऊसतोडीच्या फेऱ्या. रोहिणी जन्मली ती उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. साल दोन हजार एक. टोळीतल्या एका म्हातारीनं नाळ कापली. चार महिन्यांनी तोड संपली, कोपी मोडली, टोळी घरी आली. पोरीचा जन्म कुठल्या ग्रामपंचायतीत नोंदवायचा हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

शाळेत घालायला उशीरच झाला. दर वर्षी पोर टोळीबरोबर जायची. साडेसात वर्षांची झाली तेव्हा गहिनीनाथ तिला वस्तीवरच्या शाळेत भागवत गुरुजींकडं घेऊन गेला.

"जन्मतारीख?" गुरुजींनी पेन उघडलं.

"एक जूनच टाका. पन साल तीन टाका."

"अरे, ही एकातली ना? दीड वर्षानं बारकी होईल की."

"व्हऊ द्या. भरतीला दीड वरीस जास्तीचं मिळंन तिला. माझं काय झालं ते तुमाला ठावं हाय."

गुरुजींना ठाऊक होतं. आणि वय कमी धरा म्हणणारा गहिनीनाथ काही एकटा नव्हता; त्या वर्षी सगळेच बाप तसं म्हणत होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गुरुजींनी लिहिलं, एक जून दोन हजार तीन. गहिनीनाथ शाळेतून बाहेर आला तो छाती काढून. पोरीला जन्मभर पुरेल असं काहीतरी आपण देऊन आलो, असं त्याला वाटलं.

पुढच्याच वर्षी त्याला या फाटकावरची नोकरी मिळाली, कोयता सुटला आणि तिघंही नागापूरला दोन खोल्यांत राहायला आली. वर स्लॅब होता. संध्याकाळी बापलेक तिथं बसत. भिंगारच्या बाजूनं कधी कधी लष्कराचं हेलिकॉप्टर यायचं. गहिनीनाथ बोट करायचा, "दिसलं का?" रोहिणी मान हलवायची. अकरा वर्षांची असताना एकदा म्हणाली, "पप्पा, आवाज येतो. पन दिसत न्हाई. तुमाला बरं वाटावं म्हनून मी रोज व्हय म्हनते." तिला चष्मा लागला तो तेव्हा. बारावीपर्यंत नंबर दोनवर जाऊन थांबला.

पोर हुशार निघाली. विज्ञान घेतलं, नगरच्या कॉलेजात एनसीसीत गेली, परेडमध्ये पुढं उभी राहायला लागली. अंगावर वर्दी घालायची एवढं घरात ठरलेलं होतं. कुठली, ते ठरलेलं नव्हतं. हेलिकॉप्टर चालवणारी माणसं आपल्यातून होत असतील असं रोहिणीला वाटत नव्हतं आणि बापाच्या तर ते स्वप्नातही नव्हतं. पण चष्म्यामुळं कुठंतरी पोर अडणार या धास्तीनं त्याची झोप उडाली होती.

ती दुसऱ्या वर्षाला असताना सावेडीतल्या डोळ्यांच्या एका दवाखान्यानं जानेवारी महिन्यापुरती लेझर ऑपरेशनची सवलत काढली. कारखान्यातल्या अंगदनं, म्हणजे गहिनीनाथच्या जोडीदार वॉचमननं, त्याचा कागद आणून दिला.

"मे महिन्यात पेपर संपतील," रोहिणी म्हणाली. "जूनमध्ये करू ना पप्पा. एनसीसीच्या मॅडम म्हणत होत्या, आधी कुठं जायचं ते ठरव आणि त्यांचे नियम बघ."

"नियम बघत बसलं की येळ जाती. मी तीन महिन्यासाठी घरी बसलोय, कळलं का? आपल्या घरात उशीर ही गोष्ट नको."

"पण पाच महिन्यांनी काय बिघडतं?"

"पाच महिन्यांनी सवलत असंल का?"

लंकाबाई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "तिचं डोळं हायेत, तिला इचारून करा." तिचं कुणी ऐकलं नाही. गहिनीनाथ उतावळा माणूस नव्हता. भाजी घेताना तो तीन गाड्यांवर भाव विचारायचा. पण भरतीचा विषय निघाला की त्याच्या मानगुटीवर भूत बसायचं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "वय?" रोहिणीच्या आधी गहिनीनाथच बोलला, "एकईस." रोहिणीला वाटलं, बापाची मोजणी चुकली. डॉक्टरांनी आधार कार्ड बघितलं आणि एकोणीस लिहिलं. "अठराच्या पुढं करता येतं, नंबर स्थिर आहे," म्हणाले. ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. आठवड्यानं रोहिणी स्लॅबवर उभी राहून हमरस्त्यावरच्या ट्रकांचे नंबर वाचून दाखवत होती, आणि गहिनीनाथ खाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ते ऐकवत होता. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला आठवडा होता असं त्याला आजही वाटतं.

ऑगस्टमध्ये एनसीसीच्या मॅडमनी रोहिणीला बाजूला घेतलं आणि विचारलं, हवाई दलाची परीक्षा का देत नाहीस, उडण्याच्या शाखेत मुली घेतात. लेझर झालेलं चालतं का, असं रोहिणीनं विचारलं. चालतं, मॅडम म्हणाल्या, अटी वाच. रोहिणीनं मोबाईलवर अटी काढल्या. ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं हवं. बुबुळाची जाडी अमुक हवी. आणि पहिल्याच ओळीत, ऑपरेशन वयाच्या वीस वर्षांच्या आत झालेलं नसावं.

ती कॉलेजातून घरी न जाता थेट फाटकावर आली. दुपारचं ऊन होतं, एक कंटेनर आत येत होता. तिनं मोबाईल बापापुढं धरला. "जानेवारीत मी एकोणीस वर्षं सात महिन्यांची होते. जूनमध्ये केलं असतं तर बसले असते."

गहिनीनाथनं ते ऐकलं आणि चक्क हसला. "अगं येडे, तू तवा एकईस पुरी केली हुती! दत्तजयंतीला! मी काय येडा हाय का? तुझं साल मीच तर..."

तिथं त्याचं हसू थांबलं. कंटेनरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. रोहिणीला आपला जन्म थंडीतला हे माहीत होतं, पण सालसुद्धा खोटं आहे हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

"साल तुम्ही काय?" तिनं विचारलं.

मग त्याला सांगावं लागलं. पोर ऐकत राहिली. रडली नाही, भांडली नाही. "म्हणजे मी बसते," ती म्हणाली, "फक्त कागदावर बसत नाही." आणि सायकल काढून घरी गेली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बापाला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गहिनीनाथ वस्तीवर गेला. भागवत गुरुजी आता निवृत्त होते, ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गहिन्या, या हातानं मी दोनशे पोरं एक जूनला जन्माला घातली," ते म्हणाले. "दहावीच्या आधी आला असतास तर काही करता आलं असतं. आता तारीख बोर्डाच्या सर्टिफिकेटवर गेली, आधारवर गेली, कॉलेजात गेली. कोण हलवणार?"

"तुमी लिवून द्या, की चूक झाली म्हनून."

"चूक कुठं झाली? तू सांगितलं, मी लिहिलं. आणि लिहून दिलं तरी ते विचारणार, पुरावा काय? दवाखान्याची नोंद? ग्रामपंचायतीची? काय आहे तुझ्याकडं?"

गहिनीनाथकडं काय होतं? ज्या कोपीत पोर जन्मली तिचं पाचट त्याच उन्हाळ्यात जळालं होतं. नाळ कापणारी म्हातारी कधीच गेली होती. येताना गुरुजींनी त्याच्या पिशवीत शेंगा टाकल्या. "त्या वेळी मला ते पुण्याचं काम वाटायचं रे," ते म्हणाले.

घरी लंकाबाई वाट बघत होती. "पुरावा मागत्यात?" ती म्हणाली. "मी हाय की पुरावा. दत्ताचा पाळना झाला, दुसऱ्या दिशी मला कळा आल्या. शेजारच्या फडात ऊस पेटला हुता, समदी बापयं तिकडं पळाली. आई सांगती कवा जन्मली त्ये, आन् यान्ला कागद पायजे? न्या मला तिथं. मी सांगते."

तिला कुठं नेणार? गहिनीनाथनं शेंगांची पिशवी खुंटीला अडकवली आणि तोंड धुवायला बाहेर गेला.

तरी रोहिणीनं अर्ज भरला. आशा फार चिवट असते. नियम बदलतील, कुणीतरी ऐकून घेईल, असं काहीबाही मनात धरून ती अभ्यासाला बसली आणि लेखी परीक्षा पास झाली. मग निवड मंडळाकडं गेली. पाच दिवस मुलाखती, मैदानावरच्या कसरती, मग यंत्रावर बसवून हातापायाचा मेळ बघायची चाचणी. ज्यांना ती एकदा जमली नाही त्यांना पुन्हा कधीच बसता येत नाही असली ती चाचणी. रोहिणीला जमली. तिच्याबरोबर आलेल्यांतले बहुतेक जण परत गेले आणि ती उरली. तिनं फोन केला तेव्हा लंकाबाई मोठ्यांदा रडली, आणि गहिनीनाथनं त्या दिवशी फाटकातून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं, "आमची रोहिणी पायलट होनार. आता निस्ती मेडिकल ऱ्हायली." निस्ती मेडिकल.

त्या आठवड्यात अंगदनं त्याला बाजूला घेतलं. "माझा मेव्हना हाय बिभीषन, छपाईचं दुकान हाय त्याचं. दवाखान्याचं कार्ड हुबेहूब काढून देतो. जानेवारीच्या जागी जून टाकायचा. कोन बघतंय? डोळं तर पोरीचं खरंच चांगलं हायेत. वय बी खरंच बसतंय. मंग खोटं काय त्यात?"

गहिनीनाथनं दोन दिवस विचार केला. अंगदचं म्हणणं त्याला पटत होतं, हे त्याच्या दुःखाचं मूळ. पोरीचं खरं वय बसतच होतं. एका खोट्यानं जे बिघडलं ते दुसऱ्या खोट्यानं जागेवर येत असेल तर त्यात पाप कसलं? तिसऱ्या दिवशी कार्ड तयार होऊन आलं. बारा जून. शिक्का, सही, सगळं.

माळीवाड्याच्या स्टँडवर मेडिकलला निघालेल्या रोहिणीला गाडीत बसवताना त्यानं खिडकीशी तोंड नेलं. "फायलीच्या मागच्या कप्प्यात दुसरं कार्ड ठिवलंय. जूनचं. तेच दे."

रोहिणीनं त्याच्याकडं बघितलं. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला, एवढंच.

सहा दिवस फोन नाही. म्हणजे फोन यायचा, पण "जेवले, बरी आहे, तपासण्या चालू आहेत" याच्या पुढं पोर बोलायची नाही. सातव्या दिवशी दुपारी ती फाटकावर येऊन उभी राहिली. पाठीवर बॅग, हातात फाईल. गहिनीनाथला तिच्या तोंडाकडं बघून समजलं. तरी त्यानं विचारलं, "काय झालं?"

"अनफिट."

"कार्ड वळखलं का त्यांनी?"

"मी ते दिलंच न्हाई." चार वर्षांत ती घरातसुद्धा कॉलेजची भाषा बोलायला लागली होती. आज ती सुटली होती. "डोळ्याच्या डॉक्टर मॅडम हुत्या. समदं मोजलं त्यांनी. म्हनाल्या, डोळे फार छान आहेत, ऑपरेशन कधी झालं? मी खरं कार्ड दिलं. त्यांनी तारीख बघितली, माझी जन्मतारीख बघितली, परत तारीख बघितली. म्हनाल्या, पाच महिने थांबली असतीस तर."

"अपील अस्तं म्हनत्यात."

"अस्तं. त्यात डोळे परत तपासतात. तारीख न्हाई तपासत."

गहिनीनाथचा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो पोरीवर ओरडला. "मंग दुसरं का न्हाई दिलं? कशाला एवढं करून ठिवलं हुतं मी? जीभ झडली हुती का तुझी?" आतला क्लार्क काचेतून बघायला लागला.

रोहिणीनं बॅग खाली ठेवली. "पप्पा, माझा जन्म तुमी लिवला. ऑपरेशनची तारीख तुमी धरली. मी जून म्हनत हुते, तुमी जानेवारी धरली. आता तिसरी तारीख बी तुमीच छापून आनली. ते कार्ड दिलं असतं तर रोज विमानात बसताना वाटलं असतं, आज कळंल, उद्या कळंल. एकदा तरी मला माझ्या हातानं खरं सांगू द्या. नापास झाले तर झाले. पन मी झाले."

फाईलच्या मागच्या कप्प्यातून तिनं जूनचं कार्ड काढलं आणि त्याच्या टेबलावर, वहीशेजारी ठेवलं. गहिनीनाथनं ते उचललं नाही. बराच वेळ ते तसंच पडून होतं. एक टेम्पो आला तेव्हा त्यानं सवयीनं पेन घेतलं, आणि आज तारीख काय आहे हे त्याला आठवेना. रोहिणीनंच सांगितली.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं कर्म बापाचं, नेलं लेकीचं. तिनं कुणाला दोष दिला नाही. सावेडीत भरतीच्या एका क्लासमध्ये ती आता गणित शिकवते. चष्मेवाली पोरं दिसली की तास संपल्यावर थांबवून घेते आणि त्यांचे दाखले मागते, नियमांचा कागद पुढं ठेवते, घाई करू नका म्हणते. क्लासमध्ये एक जूनची पोरं अजून पुष्कळ आहेत.

गेल्या दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी लंकाबाईनं पुरणाची पोळी केली. "आज तेईस पुरी झाली माझी बाय," म्हणाली. रोहिणीनं पोळी खाल्ली, पण म्हणाली, "आई, आता मी एक जूनचीच. आजचं नको करत जाऊ." लंकाबाईनं ताट तसंच सरकवलं आणि आत गेली. ज्या दिवशी तिनं पोरीला जन्म दिला तो दिवसही त्या घरातून गेला.

त्याच संध्याकाळी बापलेक स्लॅबवर होते. ती वाळत घातलेले कपडे काढत होती, तो टाकीच्या कडेला बसला होता. भिंगारच्या बाजूनं आवाज आला. गहिनीनाथनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. हेलिकॉप्टर बरंच खालून जात होतं, पण त्याला आता लांबचं नीट दिसत नाही, आभाळात नुसता एक ठिपका हलत होता. पंधरा वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"दिसलं का?"

रोहिणीनं वर पाहिलं. "दिसलं," ती म्हणाली. "दार उघडं हाय. दोघं बसलेत पुढं. डावीकडच्याच्या हातात हातमोजं हायेत, उजवीकडचा काहीतरी दाखवतोय त्याला."

मग तिनं शेवटचा कपडा काढून खांद्यावर टाकला. "पप्पा, आता इचारत जाऊ नका," ती म्हणाली आणि जिना उतरून खाली गेली.